एकट्या माणसाचें बिऱ्हाड

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. या दोन कार्यांत माणसाचा कस लागतो, एवढाच तिचा मूळ अर्थ. परंतु आजच्या मुंबईत अगर पुण्यांत एकट्यानें राहावयास खोली शोधीत फिरणाऱ्या माणसास तिचा निराळाच अर्थ प्रत्ययास येतो. लग्न केलेलें नसेल, तर घर नुसतें पाहावयासहि मिळत नाहीं, असा तो अर्थ होय. दलाल प्रथम भाडें विचारीत नाहीं. ‘फॅमिली आहे कीं एकटे?’ हें विचारतो. ‘एकटा’ असें उत्तर आलें कीं निम्मीं दारें बंद होतात, आणि ‘एकटी’ असें आलें तर उरलेल्यांपैकीं बहुतेक. ज्या राष्ट्रानें प्रत्येक प्रौढ व्यक्तीस एक मत दिलें, त्या राष्ट्रांत त्याच व्यक्तीस एक खोली मिळूं नये, हा विरोध लहान नव्हे. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्ही कर्तव्य समजतों.

हा एकटा माणूस कोण, हें प्रथम पाहूं. तो कोणी उनाड नव्हे. परीक्षेच्या अभ्यासासाठीं लातूर-नांदेडाहून पुण्यास आलेला विद्यार्थी, बदलीवर आलेला बँकेंतील कारकून, रात्रपाळी करणारी परिचारिका, पति निवर्तल्यावर मुलांच्या संसारांत अडचण होऊं नये म्हणून वेगळी राहूं इच्छिणारी वृद्धा, घटस्फोटानंतर स्वतःच्या कमाईवर उभी राहणारी बाई, आणि विवाह न करणें ज्यानें विचारपूर्वक पसंत केलें असा गृहस्थ – हीं सर्व या एकाच सदरांत येतात. यांच्या एकटेपणाचें कारण बहुधा नोकरी, शिक्षण अगर दैव हें असतें. असें असतां घरवाल्याच्या दृष्टीनें एकटेपणा हाच जणूं गुन्हा, आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर, असा न्याय चालला आहे.

गंमत अशी कीं, मुंबई शहर उभें केलें तें अशाच एकट्या माणसांनीं. रत्नागिरी-साताऱ्याहून बायकामुलांस गांवीं ठेवून गिरणींत आलेला कामगार गांवकीच्या खोलींत पथारी टाकी. एक पाळीवर गेला कीं त्याच जागीं दुसरा निजे. त्यांस जेवूं घालणाऱ्या खानावळी चालवीत त्या बहुतांशीं कष्टकरी बायाच; १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें तें या बायांच्याच संघटनेसाठीं. सरकारनेंहि १९२० च्या दशकांत वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें २०७ चाळी बांधल्या. त्यांतील खोली १६० चौरस फुटांची. त्या जागा अपुऱ्या होत्या, संडास सामाईक होते, याबद्दल वाद नाहीं. परंतु कामगारास निवारा पाहिजे, एवढी गोष्ट परक्या सरकारासहि कबूल करावी लागली. आज इमारती उंच झाल्या, आणि मन मात्र आंखडलें.

स्त्रियांच्या बाबतींत आपल्या सुधारकांची दृष्टि अधिक खोल होती. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत शारदासदन काढलें, तें केवळ वर्ग भरविण्यासाठीं नव्हे. विधवेस राहावयास जागा असल्याखेरीज तिच्या हातीं पुस्तक देणें व्यर्थ, हें त्यांनीं ओळखलें होतें. अण्णासाहेब कर्व्यांचा १८९६ सालचा अनाथ बालिकाश्रम आणि १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं पुण्यास सुरू झालेलें सेवासदन यांच्या मुळाशीं हेंच सत्य आहे. स्त्रीशिक्षणाची लढाई अर्धी शाळेंत आणि अर्धी छपराखालीं जिंकली गेली. त्या शिक्षणाच्या जोरावर मिळवती झालेली आजची तरुणी ‘मी एकटी आहें’ म्हणतांच जिन्यावरून परत फिरते, हें पाहून त्या पिढीस काय वाटलें असतें?

नाकारलेल्या घराचा इतिहास याहूनहि कडू आहे. १९१७ सालीं डॉ. आंबेडकर परदेशांतून विद्यासंपन्न होऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हां त्या राजधानींत त्यांस राहावयास जागा मिळेना. पारशी नांव धारण करून ते एका पारशी उतारशाळेंत राहिले. भेद उघड होतांच लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनीं त्यांस बाहेर काढलें. आज दारांत लाठी नसते. ‘सोसायटीचा नियम आहे’ असें मवाळ वाक्य असतें. आडनांव, जात, धर्म, आहार आणि आतां विवाहाची स्थिति, अशी ही चाळण दिवसेंदिवस बारीक होत आहे. आणि जो एकटा असून शिवाय अल्पसंख्य अगर दलित असेल, त्यास ती दोनदां चाळते.

घरमालकाची बाजू ऐकून न घेणें हें वकिलीच्या धर्मास सोडून होईल. त्याची भीति कीं, एकदां आंत आलेला माणूस पुन्हा निघत नाहीं. ही भीति निराधार नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं १९४० च्या पातळीवर गोठविलीं. आणि १९७३ सालच्या दुरुस्तीनें त्या वर्षीं १ फेब्रुवारीस ताब्यांत असलेल्या परवानाधारकांसहि भाडेकरूचें संरक्षण दिलें. ज्यानें विश्वासानें जागा दिली त्याची जागा अडकली, आणि अनेकांनीं घरें कुलूप लावून ठेवणें पसंत केलें. परंतु ही स्थिति आज राहिलेली नाहीं. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आहे. त्याच्या २४ व्या कलमान्वयें लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपतांच परवानाधारकानें जागा सोडली पाहिजे. न सोडल्यास सक्षम अधिकाऱ्यापुढें त्वरित दाद मागतां येते आणि दुप्पट दरानें भरपाई मिळते. तेव्हां कायद्याची भीति गेली असतां तिचें नांव पुढें करून एकट्या माणसास नाकारणें, ही सबब होय, कारण नव्हे.

दुसरा आक्षेप चारित्र्याचा. एकटीं माणसें आलीं कीं इमारतीचें वातावरण बिघडतें, असें म्हणतात. आमचा प्रश्न एवढाच कीं, मद्यपान, मारहाण, आरडाओरड हे प्रकार विवाहितांच्या घरांत होत नाहींत काय? जो उपद्रव देईल त्याच्यावर इलाज करावा. तो करण्यास करार, पोलीस व न्यायालय समर्थ आहेत. उपद्रव घडण्यापूर्वींच एका सबंध वर्गास दोषी ठरविणें हें न्यायाच्या कोणत्याहि तत्त्वांत बसत नाहीं. सहकारी गृहसंस्थेची सभा ही पाणीपट्टी व रंगकाम ठरविण्यासाठीं आहे. सभासदांच्या भाडेकरूंनीं रात्रीं किती वाजतां परतावें आणि कोणास भेटावें, हें ठरविणारें धर्मपीठ ती नव्हे. सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्यांत पात्र मनुष्यास पुरेशा कारणावांचून सभासदत्व नाकारूं नये असें स्पष्ट म्हटलें आहे. आणि सभासदानें घर भाड्यानें दिल्यास बिनभोगवट्याचा आकार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षां अधिक घेऊं नये, असा सरकारी आदेश २००१ सालापासून आहे.

तथापि कायद्यांत पोकळी आहे, हेंहि आम्ही लपवीत नाहीं. संविधानाचें १९ वें कलम नागरिकास देशांत कोठेंहि राहण्याचा हक्क देतें. पण तो हक्क मुख्यतः सरकाराविरुद्ध चालतो, शेजाऱ्याविरुद्ध तो बजावणें सोपें नव्हे. अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यांत २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें विशिष्ट समाजापुरतें सभासदत्व राखणारा उपविधि वैध ठरविला. तेव्हां खाजगी घरांच्या बाजारांतील भेदभाव बंद करावयाचा, तर विधिमंडळानेंच स्पष्ट शब्दांत कायदा केला पाहिजे. न्यायालयाकडे बोट दाखवून लोकप्रतिनिधींस मोकळें होतां येणार नाहीं.

आतां घर कसें असावें, याचा विचार करूं. एकट्यास लहान घर पुरतें याचा अर्थ कोंडवाडा पुरतो असा नव्हे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणें राहत्या खोलीचें क्षेत्र निदान ९.५ चौरस मीटर व रुंदी २.४ मीटर पाहिजे. स्वयंपाकघर ५ आणि एकत्र स्नानगृह-संडास २.८ चौरस मीटर धरल्यास बेरीज सुमारें १८६ चौरस फूट होते. म्हणजे जुन्या चाळीच्या खोलीहून थोडीच अधिक जागा, परंतु आंत नळ, मोरी व संडास. दमट हवेच्या प्रदेशांत खिडक्यांचें क्षेत्र जमिनीच्या एकषष्ठांश असावें, असेंहि ती संहिता सांगते. एवढें साधलें तर एका जिवास स्वाभिमानानें राहतां येतें. पण प्लायवूडच्या भिंती घालून एका दालनाचीं चार ‘स्वतंत्र’ बिऱ्हाडें करणारा व्यापार सध्यां तेजींत आहे. त्यांत खिडकी एकाच्या वांट्यास येते आणि भाडें चौघांच्या.

म्हणून घर शोधणारांस आमचें सांगणें असें कीं, जागा दिवसां पाहावी आणि पाणी किती वेळ येतें तें शेजाऱ्यास विचारावें. क्षेत्र विचारतांना कार्पेट एरिया विचारावा. २०१६ च्या रेरा कायद्यानें त्याची व्याख्या केली आहे आणि बाहेरच्या भिंती व गॅलरी त्यांत येत नाहींत. भाडें स्वस्त पण स्टेशन दूर, अशा जागेंत वांचलेले पैसे रिक्षास व गेलेला वेळ झोपेस पडतो, हा हिशेब आधींच मांडावा. अनामत रकमेची पावती घ्यावी, आणि पंखे, दिवे, नळ यांची यादी करारास जोडावी. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे करार लेखी व नोंदलेला असावा. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाहीं हा समज सार्वत्रिक आहे. महाराष्ट्रांत तो चुकीचा आहे. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें मुदत कितीहि असो, नोंदणी आवश्यक, आणि ती करण्याची जबाबदारी मालकाची. कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजारांपर्यंत दंड अगर दोन्ही. नोंदणी नसेल तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, तें खोटें ठरेपर्यंत, ग्राह्य धरलें जातें. मुद्रांकाचा दर शेंकडा पाव, म्हणजे खर्चहि जबर नव्हे. पाहुणा आणूं नये, अमुक वेळेनंतर दार उघडणार नाहीं, अशीं कलमें करारांत घुसडलेलीं आढळल्यास सही करण्यापूर्वींच हरकत घ्यावी. सहीनंतर केलेली तक्रार लंगडी पडते.

सरकारचें कर्तव्य याहून मोठें आहे. नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या वसतिगृहांची केंद्रीय योजना १९७२-७३ पासून आहे. पण वसतिगृह हें प्रवासांतील धर्मशाळेसारखें, तें आयुष्यभराचें घर नव्हे. २०२० सालीं टाळेबंदींत लक्षावधि मजूर पायीं गांवाकडे चालूं लागले, तेव्हां सरकारच्या डोळ्यांपुढें भाड्याच्या घरांचा प्रश्न उभा राहिला, आणि ३० चौरस मीटरपर्यंतचीं एका शयनगृहाचीं घरें भाड्यानें देण्याची योजना निघाली. २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यांत राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असें आहे. परंतु राज्यानें स्वीकारल्याखेरीज तो कागदच होय. प्रत्येक मोठ्या गृहयोजनेंत कांहीं भाग लहान भाड्याच्या घरांसाठीं राखावा आणि अर्जांत ‘कुटुंब’ या शब्दाच्या जागीं ‘व्यक्ति’ हा शब्द यावा, एवढी मागणी नगरपालिका व म्हाडा यांच्यापुढें आम्ही मांडतों.

शेवटीं प्रश्न मनाचा आहे. आपण कुटुंबाचा अभिमान बाळगतों तें योग्यच. परंतु ज्यास कुटुंब नाहीं अगर जवळ नाहीं, त्यास आधार देणें ही कुटुंबवत्सल समाजाची खरी कसोटी. आज ज्याच्या घरांत चार माणसें आहेत, त्याचा मुलगा उद्यां परगांवीं एकटा असेल, आणि म्हातारपणीं दोघांपैकीं एकास एकटें राहणें चुकणार नाहीं. दुसऱ्याच्या मुलीस आपल्या जिन्यावरून परत पाठवितांना, आपली मुलगी कोणत्या तरी शहरांत कोणाच्या तरी जिन्यावर उभी आहे, एवढें घरमालकांनीं व सोसायट्यांच्या चिटणिसांनीं ध्यानांत ठेवावें.