कक्षसंगीत : शिक्षण व प्रयोग

विद्यापीठांच्या संगीत विभागांतून व संगीत अकादमींतून दिले जाणारे, मोजक्या वादकांच्या समूहवादनाचे पद्धतशीर शिक्षण. पाश्चात्त्य अभिजात संगीतात साधारणतः दोन ते नऊ वादकांनी, प्रत्येक स्वरपंक्तीस एकच वादक या प्रमाणात व संचालकावाचून वाजवावयाच्या संगीतास कक्षसंगीत वा चेंबर म्यूझिक म्हणतात. दोन व्हायोलिने, व्हिओला व चेलो यांचे तंतुवाद्य-चतुष्क हा त्याचा सर्वांत प्रतिष्ठित प्रकार होय. पियानो-त्रयी, पियानो-पंचक, सुषिर वाद्यांचे पंचक इ. प्रकारही रूढ आहेत. मोठ्या वाद्यवृंदात एकच पंक्ती अनेक व्हायोलिनवादक मिळून वाजवितात व एकाचा दोष इतरांच्या नादात झाकला जातो. कक्षसंगीतात असा आडोसा नसतो आणि एकलवादनातील स्वातंत्र्यही नसते. त्यामुळे केवळ वाद्यावरील प्रभुत्व येथे पुरे पडत नाही. ऐकण्याचे व एकमताने निर्णय घेण्याचे स्वतंत्र शिक्षण आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी : राजवाड्यांतील व सरदारगृहांतील दालनांत वाजविले जाणारे संगीत, यावरून या प्रकारास हे नाव पडले. योझेफ हायडन (१७३२–१८०९) हा १७६१ मध्ये एस्टरहाझी घराण्याच्या सेवेत रुजू झाला. त्याच्या ६८ चतुष्कांतून या प्रकाराचे स्वरूप निश्चित झाले. मोट्सार्टने आपली सहा चतुष्के १७८५ मध्ये हायडनलाच अर्पण केली. त्या काळी यांतील बरेचसे संगीत श्रोत्यांइतकेच वाजविणाऱ्यांच्या आनंदासाठी असे. छापील स्वरलेख विकत घेऊन हौशी मंडळी ते घरी वाजवीत. इग्नाट्स शुपान्त्सिक या व्हायोलिनवादकाने १८०४-०५ च्या सुमारास व्हिएन्नात चतुष्कांच्या जाहीर मैफली सुरू केल्या. पुढे बेथोव्हनच्या उत्तरकालीन चतुष्कांनी वादनाची कसोटी इतकी वाढविली, की ते हौशी वादकांच्या आवाक्याबाहेर गेले. विसाव्या शतकात ध्वनिमुद्रिका व नभोवाणी यांमुळे घरगुती वादनाची प्रथाही क्षीण झाली. कक्षसंगीताचे मूळ घर असे हरपत असताना त्यास नवा आश्रय दिला, तो मुख्यतः शिक्षणसंस्थांनी.

बूडापेस्ट येथील संगीत अकादमीत लेओ व्हाइनर (१८८५–१९६०) या संगीतरचनाकाराने १९२० पासून कक्षसंगीताचे अध्यापन केले. तेथे हा विषय वाद्यशिक्षणाची पुरवणी न राहता त्याचा गाभा बनला. व्हाइनरचा शिष्य व विख्यात चेलोवादक यानोश श्टार्कर याने १९५८ पासून अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात अध्यापन करून ही परंपरा पुढे नेली. विद्यापीठाने संपूर्ण चतुष्कालाच अध्यापक म्हणून नेमण्याची प्रथा मात्र एका आपत्तीतून दृढ झाली. बेल्जियमचे प्रो आर्ते चतुष्क मे १९४० मध्ये अमेरिकेतील मॅडिसन येथे बेथोव्हनची चतुष्के वाजवीत असता जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले व वादकांना मायदेशी परतणे अशक्य झाले. तेव्हा विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना निवासी कलावंत म्हणून ठेवून घेतले. अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठाने चतुष्काची केलेली अशी ही पहिली नेमणूक मानली जाते. न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्ड संस्थेने १९४६ मध्ये स्वतःचे चतुष्क स्थापन केले आणि पुढे अनेक विद्यापीठांनी हा मार्ग अनुसरला.

अध्यापनपद्धती : सामान्यतः प्रत्येक सत्राच्या आरंभी तीन ते पाच विद्यार्थ्यांचे गट पाडून प्रत्येक गटास एखादी रचना नेमून देतात. मार्गदर्शक अध्यापक बहुधा आठवड्यातून एकदा तालीम ऐकतो. उरलेल्या तालमी विद्यार्थ्यांनी आपल्या आपण घ्यावयाच्या असतात. वादकापुढील कागदावर सहसा केवळ त्याची स्वतःची पंक्ती असते. म्हणून सर्व पंक्ती एकत्र दाखविणाऱ्या समग्र स्वरलेखाचे वाचन ही पहिली पायरी होय. आपली पंक्ती कोठे मुख्य आहे, कोठे आधारभूत आहे व कोठे दुसऱ्याला उत्तर देते, हे विद्यार्थ्याने वाजविण्यापूर्वी जाणून घ्यावयाचे असते. हायडनच्या रचनांत हा संवाद स्पष्ट असल्याने पुष्कळदा त्यांपासूनच आरंभ करतात.

दुसरी पायरी सुरेलपणाची. पियानोच्या समविभागी सप्तकातील गंधार हा तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा, सप्तकाचे १,२०० भाग कल्पिल्यास, सु. १४ भागांनी चढा असतो. पडदे नसलेल्या तंतुवाद्यांवर शुद्ध गंधार घेता येतो. तथापि तेथेही पेच आहेच. चेलोच्या सर्वांत खालच्या तारेस षड्ज मानून पुढील तारा षड्ज-पंचम भावाने अचूक लावीत गेल्यास व्हायोलिनची सर्वांत वरची मोकळी तार शुद्ध गंधारापेक्षा सु. २२ भागांनी चढी लागते. म्हणून अनेक चतुष्के आपल्या तारांतील पंचमाचे अंतर किंचित कमी ठेवतात. कोणता स्वर कोणी हलवावयाचा, हे प्रत्येक स्वरमेळाच्या ठिकाणी ऐकून ठरवावे लागते. पियानो सोबत असल्यास त्याचे स्वर हलत नाहीत. तेव्हा इतरांनाच त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते.

तिसरी पायरी काळाची. संचालक नसल्याने आरंभ, विराम व लयीतील बदल हे श्वास, नजर आणि गजाची हालचाल यांच्या संकेतांनी साधावे लागतात. संकेत केवळ क्षण दाखवीत नाही. येणारी लय, स्वराचा भार व भाव हेही त्यातून कळावे लागतात. पहिला व्हायोलिनवादक हाच सदैव नेता, ही समजूत तालमीत लवकरच दूर होते, कारण ज्याच्या पंक्तीत लयीची चाल असते त्याच्याकडे त्या वेळी नेतृत्व जाते. हे पटविण्यासाठी मुख्य स्वरावली वगळून केवळ दुसरे व्हायोलिन, व्हिओला व चेलो यांना वाजवावयास लावणे, दुसऱ्याची पंक्ती गाऊन दाखविणे, पाठमोरे बसून वाजविणे असे उपाय योजतात. मतभेद झाल्यास दोन्ही प्रकारे वाजवून पाहावे व मग निर्णय घ्यावा, असा संकेत आहे. चांगला मार्गदर्शक स्वतः वाजवून दाखविण्यापेक्षा प्रश्न अधिक विचारतो. कारण प्रयोगाच्या वेळी तो मंचावर असणार नाही.

प्रयोग व मूल्यमापन : सत्राअखेर लहान सभागृहात प्रयोग होतो. चतुष्कात दोन व्हायोलिने डावीकडे शेजारी बसतात. उजव्या कडेला चेलो असावा की व्हिओला, याविषयी दोन्ही प्रथा आहेत. प्रत्येक मांडणीत नादाचा तोल निराळा होतो. मूल्यमापन हा या शिक्षणातील अवघड प्रश्न होय. काम सामूहिक असते, परंतु गुण प्रत्येकास वेगळे द्यावे लागतात. तालमीस लागणाऱ्या तासांच्या मानाने श्रेयांक थोडे असतात, आणि एकाच्या गैरहजेरीने वा अपुऱ्या तयारीने सर्वांचे श्रम वाया जातात. एकलवादनाच्या स्पर्धांकडे ओढा असलेला विद्यार्थी साहजिकच या विषयाला दुय्यम लेखतो. त्यामुळे विद्यापीठाने तालमीसाठी राखीव वेळ व खोल्या दिल्या नाहीत, तर हा अभ्यासक्रम कागदावरच राहतो. याउलट, जेथे वेळ मिळाला तेथे त्याची फळेही दिसली. टाकाच चतुष्क १९७५ मध्ये बूडापेस्टच्या अकादमीतील चार विद्यार्थ्यांनी स्थापन केले. १९७६ मध्ये ज्युलिअर्डच्या विद्यार्थ्यांतून निर्माण झालेले इमर्सन चतुष्क २०२३ पर्यंत कार्यरत होते. त्यातील दोन्ही व्हायोलिनवादक आळीपाळीने पहिले स्थान घेत.

भारतातील स्थिती : मुंबईत मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा व १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन केले. पुढे १९६४ मध्ये ते लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात वाद्यवृंद विभागाचे प्रमुख झाले. गोव्यात चर्चशी संलग्न शाळांतून स्वरलेखन-वाचन व व्हायोलिन यांचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या मिळत आले, आणि तेथील कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. तथापि भारतीय विद्यापीठांच्या संगीत विभागांत प्रामुख्याने हिंदुस्थानी व कर्नाटक संगीत शिकविले जात असल्याने कक्षसंगीताचे शिक्षण बहुतांशी खाजगी संस्था व वैयक्तिक उत्साह यांवर अवलंबून राहिले आहे.

कक्षसंगीत शिकणाऱ्यांपैकी फारच थोडे पुढे केवळ चतुष्कवादक म्हणून उपजीविका करतात. बहुसंख्य विद्यार्थी वाद्यवृंदात वा अध्यापनात जातात. तरीही आपली पंक्ती सांभाळताना इतरांचे ऐकण्याची आणि कोणाच्याही आज्ञेवाचून एकत्र निर्णय घेण्याची जी सवय या विषयाने लागते, ती त्यांना त्या क्षेत्रांतही उपयोगी पडते.