चुकले कुठे, हे सांगणारी परीक्षा

गणिताच्या वहीतली लाल शाई केवळ गुणांसाठी नसते. उत्तर कोणत्या पायरीवर बिघडले, हे ती दाखवते. पण साठ मुलांचा वर्ग आणि दर आठवड्याची चाचणी म्हटली, की शिक्षकाची संध्याकाळ तपासण्यातच सरते. हे काम संगणकावर सोपवावे, असे शाळांना वाटले तर नवल नाही. प्रश्न आहे तो सॉफ्टवेअर कोणते निवडावे, हा.

या बाबतीत सोलापूर जिल्ह्याला फार दूर पाहावे लागत नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तके मुलांच्या मातृभाषेत आणली आणि मग त्यांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. आधी मुलाची भाषा, मग यंत्र, असा त्या कामाचा क्रम होता. निवड करतानाही तोच क्रम हवा.

चार पर्यायांच्या चाचण्या तपासायला सर्वांत सोप्या. पण अशा वीस प्रश्नांत काहीच न शिकलेला मुलगाही निव्वळ अंदाजाने सरासरी पाच उत्तरे बरोबर देतो. उलट २/३ + १/४ = ३/७ लिहिणाऱ्या मुलीने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलेला असतो. तिला नुसते ‘चूक’ सांगून काय साधणार?

ब्रिटनमध्ये क्रिस सँगविन यांनी विकसित केलेली ‘स्टॅक’ ही मुक्त प्रणाली विद्यार्थ्याला उत्तर स्वतः लिहायला लावते. (क्ष + २)² आणि क्ष² + ४क्ष + ४ ही एकाच उत्तराची दोन रूपे आहेत, हे ती ओळखते. ‘मूडल’ या मोफत प्रणालीत ती बसवता येते. नेहमीच्या चुका आधी नोंदवून ठेवल्या, तर त्या त्या चुकीवर नेमकी सूचनाही देते. मात्र त्या सूचना लिहायला अनुभवी शिक्षकच लागतो. विज्ञानात तर ५ मीटर आणि ५०० सेंटिमीटर ही उत्तरे सारखीच आहेत, हेही यंत्राला कळावे लागते.

आणि सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी घरे आहेत. विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या कित्येक घरांत मोबाइल एकच. तो आईवडिलांबरोबर कामावर गेला, की मुलाची परीक्षा कुठे द्यायची?

म्हणून खरेदीपूर्वी मुख्याध्यापकांनी आपल्याच मुलांच्या चुकलेल्या उत्तरांची एक वही विक्रेत्यापुढे ठेवावी. त्या चुकांची कारणे जे सॉफ्टवेअर मुलाच्या भाषेत सांगेल, त्याचीच किंमत विचारावी.