विझलेल्या दिव्यांचे काय करावे?



ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारमधील ७ लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात कॉक्स बाजारला आश्रयाला आले. बांबू-ताडपत्रीच्या त्यांच्या झोपड्यांत उजेडासाठी सौरदिवे वाटले गेले. पण अशा दिव्याची बॅटरी काही वर्षांतच संपते. मग दिवा कचऱ्यात जातो, नाहीतर मुलांचे खेळणे होतो.

धोका इथेच आहे. लिथियमची बॅटरी ठेचली किंवा तिची दोन टोके धातूने जोडली गेली, तर ती पेट घेऊ शकते. दाटीच्या वस्तीत एवढे पुरे होते. मोठ्या बॅटऱ्यांत शिसे व आम्ल असते. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची कायमची हानी होते.

म्हणून मी सांगेन: दिवा आधी दुरुस्त करून पाहावा. बॅटरी फोडू अथवा जाळू नये. लिथियम बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती कोरड्या वाळूच्या डब्यात, घरापासून दूर ठेवावी. शिशाची बॅटरी वेगळी व उभीच ठेवावी. भंगारात शिशासाठी ती फोडतात आणि आम्ल मातीत ओततात. म्हणून ती परवाना असलेल्या केंद्राकडेच द्यावी.

आपणही पाड्यांवर सौरदिवे देतो. दिवा देतानाच, तो विझल्यावर परत कोण घेणार, हेही ठरवू या.