वाशीच्या बाजारास माल पाठविताना भाड्याचा हिशेब

शेतमालाचा भाव बाजारात ठरतो. परंतु शेतकऱ्याच्या हाती शेवटी किती पैसा पडणार, हे बऱ्याच अंशी वाहतुकीच्या खर्चावर अवलंबून असते. वाशी येथे मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीची कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाले व धान्य अशी पाच मार्केटे आहेत. कांदा-बटाट्याचा घाऊक व्यापार 1981 साली, तर फळे व भाजीपाल्याचा 1996 साली मुंबई शहरातून येथे आला. एवढ्या मोठ्या पेठेकडे शेतकऱ्यांचा ओढा असणे स्वाभाविक आहे. मात्र गाडीभाडे वाढत असता केवळ भाव पाहून माल पाठविणे हिताचे नव्हे.

भाडे का वाढते?

डिझेल, टायर, पथकर व चालकाचे वेतन ही उघड कारणे होत. याखेरीज गाडी परतताना रिकामी येते, किंवा माल उतरेपर्यंत आवारात खोळंबते. हाही खर्च गाडीमालक जातानाच्या भाड्यातच धरतो. कित्येकदा कारण फार दूरचे असते. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा युरोपकडे जाणारी बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि नाशिकच्या द्राक्षांचे सागरी भाडे वाढले. अशी कारणे शेतकऱ्याच्या हातची नाहीत. हिशेब मात्र त्याच्या हातचा आहे.

एक उदाहरण

समजा, एका शेतकऱ्याजवळ 20 क्विंटल कांदा आहे. जवळच्या बाजारात भाव क्विंटलला 1,500 रुपये व भाडे 60 रुपये. म्हणजे हाती 1,440 रुपये येतात. वाशीस भाव 1,700 रुपये आहे, पण एकट्यासाठी केलेल्या टेम्पोचे भाडे 6,000 रुपये, म्हणजे क्विंटलला 300 रुपये पडते. हाती 1,400 रुपयेच येतात. भाव अधिक असूनही येथे क्विंटलमागे 40 रुपयांचा तोटा झाला.

आता अशाच पाच शेतकऱ्यांनी मिळून 100 क्विंटलचा मालट्रक 18,000 रुपयांत ठरविला, तर भाडे क्विंटलला 180 रुपये पडेल व हाती 1,520 रुपये येतील. तोच माल, तोच भाव. परंतु निर्णय पालटला.

काय करावे?

1. प्रतवारी शेतावरच करावी. 20 क्विंटलांत 2 क्विंटल माल खराब निघाल्यास वरील टेम्पोचे 600 रुपये टाकाऊ मालावरच खर्च होतात.

2. भाडे भावाप्रमाणे उतरत नाही, हे ध्यानात ठेवावे. क्विंटलला 300 रुपये भाडे 2,000 रुपये भावात रुपयास 15 पैसे पडते. भाव 1,000 रुपये झाला की तेच 30 पैसे होते.

3. गाडी ठरविताना भाडे, भरण्या-उतरविण्याची हमाली व खोळंब्याचा आकार कोणी द्यावयाचा, हे आधी लिहून घ्यावे. परतीचा माल असलेली गाडी मिळते का, तेही पाहावे.

4. ताज्या शेतमालाच्या वाहतुकीवर वस्तू व सेवा कर नाही. पावतीत तो लावलेला नाही ना, हे तपासावे.

5. हिशेबपट्टी बारकाईने वाचावी. फळे व भाजीपाल्यावरील आडत 2016 पासून खरेदीदाराने द्यावयाची आहे. ती शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली गेल्यास बाजार समितीकडे लेखी तक्रार करावी.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात एक भाडेवही ठेवावी. तीत तारीख, बाजार, वजन, भाडे, भाव व हाती आलेली रक्कम एवढीच नोंद पुरे. एकाच आठवड्यात माल पाठविणाऱ्यांची नावे या वहीवरून जुळविता येतील व एकत्र गाडी ठरविणे सुलभ होईल. पुढील हंगामापूर्वी ही वही ग्रामसभेत वाचून दाखवावी. कोणत्या बाजारास केव्हा माल पाठवावा, याचा निर्णय मग ऐकीव भावावर न होता गावाच्या स्वतःच्या अनुभवावर होईल.