कोरडी घळ ही पाण्याचीच वाट



सुट्टी लागली की आपली नातवंडे पाठीवर पिशव्या टाकून नेगेवमध्ये टियूलला निघतात. आपण आजी-आजोबा त्यांना बजावतो : पाणी भरपूर प्या, डोक्यावर टोपी असू द्या, विंचवाकडे लक्ष ठेवा. हे सारे बरोबरच आहे. पण वाळवंटातल्या घळीत पाणी नसण्याचा जसा धोका असतो, तसाच पाणी अचानक येण्याचाही असतो, हे आपल्या तोंडून सहसा निघत नाही. जिथे पाऊसच नाही तिथे पूर कुठला, असे आपल्याला वाटते. त्याचेच उत्तर आज सोप्या शब्दांत सांगणार आहे.

मी व माझे यजमान इंग्लंडमध्ये राहतो. निवृत्तीनंतर आम्हा दोघांना पायी भटकण्याचा नाद लागला. गेल्या मे महिन्यात आम्ही सॉमरसेट परगण्यातल्या चेडर या गावी तीन दिवस तंबूत राहिलो. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी जागेच्या मालकाला विचारल्याशिवाय तंबू ठोकता येत नाही, म्हणून तंबूंसाठी राखलेल्या मैदानात पैसे भरून मुक्काम केला. गावाला लागूनच मेंडिप डोंगरातली प्रसिद्ध चेडर घळ आहे. दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे कडे, काही ठिकाणी सुमारे १३७ मीटर उंच, आणि तळातून नागमोडी मोटाररस्ता. कड्यावर जायला २७४ पायऱ्या आहेत व त्यांना ‘याकोबाची शिडी’ असे नाव आहे. आपल्या याकोबाच्या स्वप्नातल्या शिडीवरून देवदूत चढत-उतरत होते. आम्ही मात्र गुडघ्यांना विचारत विचारत चढलो.

वरून पाहिले तर घळीत नदी दिसत नाही. मग एवढा डोंगर चिरला कोणी? चिरला पाण्यानेच. हिमयुगांमध्ये इथली जमीन खोलवर गोठलेली असे. चुनखडीतल्या भेगा व गुहा बर्फाने आणि गोठलेल्या चिखलाने बुजून जात. उन्हाळ्यात वरचे बर्फ वितळले की पाण्याला आत मुरायला वाव नसे, म्हणून ते वरून धावे व खडक कापत जाई. असे लाखो वर्षे पुन्हा पुन्हा घडले. हवा उबदार झाल्यावर भेगा मोकळ्या झाल्या आणि पाणी जमिनीखाली गेले. आजही तिथली नदी गुहांमधून वाहते व घळीच्या पायथ्याशी बाहेर पडते. वरची वाट तेवढी कोरडी राहिली.

पण पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. १० जुलै १९६८ रोजी त्या भागात मुसळधार पाऊस झाला. जमिनीखालच्या वाटा अपुऱ्या पडल्या आणि पाणी पुन्हा घळीतून वाहू लागले. मोठमोठे दगड गडगडत खाली आले, गुहेच्या तोंडाशी असलेल्या उपाहारगृहाचे नुकसान झाले. जी घळ कोरडी म्हणून लोक निर्धास्त होते, तिने एका रात्रीत आपण कोण आहोत ते दाखवले.

आता नेगेवकडे येऊ. अलिबागकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, बेएर शेवाला सुमारे दोनशे. तरी पूर नेगेवमध्ये जास्त फसवा असतो. कोकणात माती सच्छिद्र, झाडे भरपूर. पाऊस बराच काळ मुरतो आणि ओढा हळूहळू भरतो. शिवाय आपल्याला पावसाळा कधी ते ठाऊक असते. नेगेवमध्ये डोंगर उघडे आहेत. जिथे माती आहे तिथेही ती पिठासारखी बारीक. पहिल्या सरींनी तिच्यावर घट्ट पापुद्रा धरतो. सारवलेल्या अंगणावर तांब्याभर पाणी ओतून पाहा, ते मुरत नाही, उताराकडे धावते. तसेच तिथे होते. मैलोगणती पसरलेल्या उतारांवरचे पाणी एकाच अरुंद घळीत शिरते, जसे नरसाळ्यात ओतावे तसे. त्यालाच हिब्रूत ‘शिटाफोन’ म्हणतात.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, पाऊस घळीवर पडावाच लागत नाही. तो कित्येक किलोमीटर दूर, वरच्या डोंगरांत पडतो. घळीतल्या मुलांच्या डोक्यावर निळे आकाश असते आणि पाणी वळणामागून येत असते. २६ एप्रिल २०१८ रोजी मृत समुद्राजवळच्या नहल त्साफितमध्ये असाच लोंढा आला. सैन्यात जाण्यापूर्वीच्या एका अभ्यासवर्गाच्या सहलीतली दहा तरुण मुले त्यात गेली. नऊ मुली व एक मुलगा. त्यांची नावे आठवली की आजही इस्राएलमधली घरे गप्प होतात.

म्हणून नातवंडांना पुढील गोष्टी सांगाव्यात.

पहिली : हवामानाचा अंदाज केवळ आपण चालणार त्या जागेचा पाहू नये. त्या नहलचे पाणी कुठून येते, तिथला अंदाज पाहावा. पुराची सूचना असेल तर टियूल पुढे ढकलावा. डोंगर कुठे जात नाही.

दुसरी : नहलच्या तळाशी तंबू ठोकू नये. तिथली वाळू मऊ आणि सपाट असते, कारण पाण्यानेच ती पसरलेली असते. रात्रीच्या मुक्कामासाठी नेमून दिलेले ‘हनियोन लैला’ असतात, तिथेच राहावे.

तिसरी : कड्यावर डोक्याच्याही वर काटक्या, पाचोळा अडकलेला दिसला, तर पाणी तिथवर येऊन गेले आहे असे समजावे.

चौथी : पाणी गढूळ होऊ लागले किंवा दूरवर घरघर ऐकू आली, तर सामान सोडून बाजूच्या उंचवट्यावर चढावे. घळीतून पुढे पळू नये. पाणी माणसापेक्षा वेगाने येते.

पाचवी : रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर मोटार त्यात घालू नये. जेमतेम फूटभर वाहते पाणीही लहान मोटार सरकवू शकते.

शब्बाथच्या जेवणानंतर आपण जे १२६ वे स्तोत्र म्हणतो, त्यात सियोनला परतणाऱ्यांसाठी नेगेवमधल्या प्रवाहांची उपमा आली आहे. लहानपणी मला वाटे, वाळवंटात प्रवाह कुठले? आता अर्थ उमगतो. जी वाट वर्षभर सुकी, ती एका घटकेत भरून वाहते. परतीचा आनंद असाच अकस्मात येतो, असे तिथे सुचवले आहे. ज्यांनी ती उपमा योजली त्यांना नेगेव चांगला माहीत होता. त्याचे वरदान आणि त्याचा धाक, दोन्ही एकाच पाण्यात आहेत.

तेव्हा या आठवड्यात नातवाचा किंवा नातीचा फोन आला आणि टियूलचा विषय निघाला, तर टोपीची आठवण जरूर द्या. मग एक प्रश्न विचारा : ‘तुझ्या नहलचे पाणी कुठून येते, ते पाहिलेस का?’ उत्तर मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका.