शाळेची तयारी : एबीसीडी आधी की ‘नीरु बेकु’?

जून जवळ येऊ लागला, की बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये घरोघरी दप्तर, डबा, पाण्याची बाटली यांची खरेदी सुरू होते. नोकरीनिमित्त इथे आलेली मराठी कुटुंबंही याला अपवाद नाहीत. केजीत जाण्यापूर्वी मुलाला एबीसीडी आणि अंक यायलाच हवेत, अशी आई-वडिलांची धडपड असते.

पण घरी मराठी बोलणाऱ्या मुलापुढे पहिल्या दिवशी उभा राहणारा प्रश्न वेगळाच असतो. ‘शू आली’ हे सांगायचं कुणाला आणि कोणत्या भाषेत? बाई बोलतात इंग्रजी, मदतनीस बोलते कन्नड. मूल गप्प बसतं, चड्डी ओली होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रडारड सुरू होते, ‘शाळा नको!’

म्हणून अक्षरांआधी गरजेचे शब्द शिकवा. ‘नीरु बेकु’ म्हणजे पाणी हवं, ‘बेडा’ म्हणजे नको, ‘साकु’ म्हणजे पुरे. शेजारच्या आजींशी किंवा भाजीवाल्याशी बोलताना मुलाला हे शब्द वापरू द्या. शू, शी, भूक हे घरचे शब्द आणि त्यांचे अर्थ चिठ्ठीवर लिहून बाईंनाही द्या.

काही घरांत मात्र घाबरून मराठीच बंद केली जाते. ही चूक करू नका. ज्या भाषेत मूल रुसतं, हट्ट करतं, तिच्याच आधाराने ते दुसरी भाषा शिकतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं, असं सुचवलं आहे.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी इथे बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा वस्तीवरची मुलं बालवाडीत येत नव्हती. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली! बंगळुरूची शाळा आपल्या अंगणात येणार नाही. पण घरातलं काही मुलाबरोबर जाऊ शकतं : ओळखीचा रुमाल, आवडीची पोळीभाजी आणि स्वतःला उघडता येईल असा डबा. चड्डी काढणं-घालणं, हात धुणं यांचा सरावही सुट्टीतच करून घ्या.

वयाची घाई नको. कर्नाटक सरकारने २०२२ मध्ये पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण होण्याची अट घातली. पुढे २०२५-२६ या वर्षापुरती ती थोडी शिथिल केली. तेव्हा केजीत घालण्यापूर्वी हिशेब करा आणि त्या वर्षीची अट शाळेत विचारून घ्या.

शाळेच्या दारातून मुलाची नजर चुकवून पळू नका. ‘डबा खाऊन, गाणी म्हणून झालं, की मी येते,’ असं सांगा आणि वेळेवर हजर राहा. आई म्हणते तेव्हा येतेच, ही खात्री पटली, की रडं हळूहळू थांबतं.

मग एखाद्या दुपारी पोळी वाढताना ताटावर चिमुकला हात आडवा येईल, ‘साकु, आई!’ त्या दिवशी खुशाल समजा, मूल शाळेत रुळलं.