अळी उचलायची वेळ

सकाळी ६:३०. काल राणी काढून घेतलेली मेलिफेरा मधमाश्यांची पेटी आधी उघडते. आत अळ्यांना भरवणाऱ्या दाई माश्यांची दाटी, उघडी अळी एकही नाही. गुणगुण सलग आणि अस्वस्थ. त्यांना राणी हवी आहे, म्हणूनच त्या माझ्या अळ्या सांभाळतील.

९:००. शांत आणि भरपूर मध देणाऱ्या वसाहतीतून चौकट घेते. अळी 24 तासांच्या आतली हवी. पांढुरक्या स्रावावर पडलेला बारीक स्वल्पविराम दिसला की तीच.

९:३०. चौकटीवर ओला टॉवेल, नाहीतर अळ्या सुकतात. सुईचं टोक पाठीमागून सरकवून अळी स्रावासकट उचलायची आणि राणीघराच्या वाटीत त्याच कुशीवर ठेवायची. उलटी पडली तर वाचत नाही.

शिकायला आलेली मुलगी विचारते, “ताई, ही कामकरीच्या घरातली अळी. मग राणी कशी होणार?”

मला हा प्रश्न फार आवडतो. फलित अंडं राणीचंही तेच, कामकरीचंही तेच. नर तेवढा अफलित अंड्यातून येतो. दाईंचा स्राव पहिले तीन दिवस कामकरी अळीलाही मिळतो, पुढे त्यात मध-पराग मिसळतात. राणीला मात्र तो शेवटपर्यंत आणि मुबलक. त्या खाण्याने अळीच्या अंगात ज्युव्हेनाइल हार्मोन वाढतं. कामकरीत ते कमी पडतं, आणि बीजांडकोशाच्या बहुतेक नळ्या अळीपणीच मरून जातात. राणीच्या एका बीजांडकोशात दीडशेच्या वर उरतात, कामकरीच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये अळ्यांमधलं डीएनएवर मिथाइलच्या खुणा करणारं एक जनुक दाबलं, तर खाणं न बदलताही बऱ्याच अळ्या राणीसारख्या झाल्या.

“मग मोठी अळी उचलली तर?”

“दोन दिवसांची असली तरी राणी होईल, पण नळ्या कमी, अंडी कमी. तिची वसाहत शेतकऱ्याकडे वर्षभर कमजोर राहील.”

११:१५. वाट्यांची पट्टी सकाळच्या पेटीत.

दुपारी ४:००. दहा दिवसांपूर्वीची राणीघरं छोट्या पेट्यांत एकेक वाटते. पहिली राणी निघाली की बाकीच्यांना घरातच डंख मारते, म्हणून आजच.

५:३०. परागाच्या गोळ्या घेऊन माश्या परततात. त्यांच्यात तेच ज्युव्हेनाइल हार्मोन आता वेगळं काम करतं: दाईपणात कमी असतं, ते वाढलं की माशी रानात निघते.

६:१५. छोट्या पेट्यांवर खडूने तारीख घालते. परवा राण्या बाहेर येतील.